स्वसंरक्षणासाठी शस्त्र परवाना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिवाला धोका वाटतो म्हणून पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरचा परवाना काढावा का, या विचारात असलेल्या महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. कायदा देशभर एकच आहे, पण कार्यालयं, शिरस्ते आणि बंदीहुकूम इथले घेतले आहेत. तुमच्यावर गुन्हा दाखल झाला असेल किंवा परवाना रद्द करण्याची नोटीस आली असेल, तर वाचत बसू नका, फौजदारी वकील गाठा.

शस्त्र बाळगणं हा नागरिकाचा हक्क आहे का?

नाही. अमेरिकेच्या राज्यघटनेत तसा अधिकार लिहिलेला आहे, आपल्या नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवताच येत नाही आणि परवाना द्यायचा की नाही हे परवाना प्राधिकारी ठरवतो.

मग स्वसंरक्षणाचा अधिकार म्हणतात तो कोणता?

तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वी तोच भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये होता. हा अधिकार सगळ्यांना सारखाच आहे, हातात काठी असो, रिव्हॉल्व्हर असो की काहीच नसो. शस्त्राचा परवाना मिळाल्याने तो तसूभरही वाढत नाही.

लोकांची गल्लत नेमकी इथे होते. परवाना खिशात आला की वाटतं, आता कोणी अंगावर आलं तर सरकारनेच आपल्याला मुभा दिली आहे. सरकारने मुभा दिलेली असते ती शस्त्र विकत घेण्याची, ठेवण्याची आणि अटी पाळून बरोबर नेण्याची. गोळी झाडणं योग्य होतं का, याचा निवाडा नंतर कोर्टात होतो आणि तिथे परवान्याचं पुस्तक दाखवून काही सुटका होत नाही.

परवाना कोणाला मिळू शकतो?

वयाची २१ वर्षं पूर्ण असावी लागतात. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षं परवाना मिळत नाही. शांतता राखण्याचा बाँड लिहून दिला असेल तर त्याची मुदत संपेपर्यंत नाही. मानसिकदृष्ट्या अक्षम ठरलेल्यांनाही नाही.

एवढं सगळं ठीक असलं तरी गरज दाखवावी लागते. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे धंदा, पेशा, नोकरी किंवा अन्य कारणाने जीव वा मालमत्ता राखण्याची खरी गरज असलेली व्यक्ती, सैन्यदल वा पोलीस दलात असलेली किंवा निवृत्त व्यक्ती आणि शूटिंग क्लबची किमान दोन वर्षं सक्रिय सभासद असलेली नेमबाज व्यक्ती, यांचा विचार होतो. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून अर्ज फेटाळता येत नाही. शस्त्र अधिनियमाच्या कलम १४ मध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. ‘इन्कम टॅक्स भरत नाही, मग मला कोण देणार’ असं म्हणत घरी बसलेल्यांना हे कोणी सांगत नाही.

मला धमकी आली आहे. तेवढं पुरेसं आहे का?

धमकी कागदावर आहे का, हा खरा प्रश्न. अर्जात कारणाच्या रकान्यात ‘जिवास धोका असल्याने’ एवढंच लिहिलेले अर्ज ढिगाने येतात आणि ढिगातच राहतात. त्याऐवजी नेमकं लिहा : अमुक तारखेला दुकान बंद करून रोकड घेऊन निघालो असता दोघांनी मोटारसायकल आडवी घातली, अमुक पोलीस ठाण्यात तक्रार दिली, तिची प्रत सोबत जोडली आहे. धमकीचा फोन आला की त्याच दिवशी ठाण्यात जा. पोलीस गुन्हा दाखल करत नसतील तर निदान अदखलपात्र नोंद करून घ्या आणि प्रत मागा. ११२ वर केलेल्या कॉलची वेळ लिहून ठेवा. मेसेज पुसू नका, फोन बदललात तर जुना जपून ठेवा.

रोजची रोकड, सोनं किंवा पगाराचे पैसे नेणारा धंदा असेल तर बँकेच्या भरण्याच्या पावत्या, दुकानाचा परवाना, जाण्यायेण्याच्या वेळा हेही जोडा. जमिनीच्या वादात मात्र एक उलटी बाजू आहे. भावकीत दावा चालू आहे आणि दोन्हीकडून मारामारीच्या तक्रारी आहेत, असं चित्र असेल तर अधिकाऱ्याला वाटतं की इथे शस्त्र दिलं तर वाद मिटायच्या ऐवजी पेटेल. ही त्याची शंका दर वेळी चुकीची असते असं मला वाटत नाही.

अर्ज कुठे करायचा?

पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत, म्हणजे मुंबई, पुणे, नागपूर, ठाणे, नाशिक वगैरे ठिकाणी, पोलीस आयुक्तांकडे. बाकी जिल्ह्यांत जिल्हादंडाधिकारी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे. अर्जाचा नमुना ‘ए-१’. त्याला ओळखीचा, पत्त्याचा आणि जन्मतारखेचा पुरावा, फोटो, शारीरिक व मानसिक तंदुरुस्तीचं वैद्यकीय प्रमाणपत्र, शस्त्र सुरक्षित ठेवण्याबद्दलचं हमीपत्र आणि गरजेचे कागद जोडायचे. शस्त्र व दारूगोळा सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. ते फक्त कागदापुरतं उरकू नका.

पोलीस पडताळणीत काय होतं?

जवळच्या ठाण्याचा अंमलदार घरी येतो, तुमचा आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतो, जुने गुन्हे तपासतो. शस्त्र कुठे ठेवणार हेही पाहतो. घरात कोण कोण राहतं, लहान मुलं आहेत का, कोणी दारू पितं का, असे प्रश्न येतात, त्यांना सरळ उत्तरं द्या. जुना गुन्हा लपवू नका, निर्दोष सुटला असाल तरीही. माहिती दडवून मिळवलेला परवाना कलम १७ खाली रद्द होतो आणि अपिलात तोच मुद्दा सगळ्यात आधी आडवा येतो.

नियमांत अहवालासाठी आणि निर्णयासाठी मुदती आहेत, पण व्यवहारात महिनोन्महिने जातात. कुठे अडकलंय हे कळण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज कामी येतो. ‘मधला माणूस करून देतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. खोट्या कागदांवर निघालेले परवाने तपासात सापडतात, तेव्हा आरोपी परवानाधारकही होतो.

अर्ज फेटाळला तर?

नकाराची कारणं लेखी नोंदवावी लागतात आणि जनहिताला बाध येत नसेल तर थोडक्यात तुम्हाला कळवावीही लागतात. आदेशाची प्रत घ्या आणि कलम १८ खाली अपील करा. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशावर विभागीय आयुक्तांकडे, पोलीस आयुक्तांच्या आदेशावर राज्याच्या गृह विभागाकडे. अपिलाची मुदत छोटी असते, त्यामुळे आदेश मिळाल्याच्या आठवड्यातच वकिलाला दाखवा. ‘गरज दिसत नाही’ एवढ्या एका ओळीचा आदेश असेल तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. तिथे बहुतेकदा ‘परवाना द्या’ असा आदेश निघत नाही, ‘पुन्हा विचार करा’ असा निघतो.

कोणतं शस्त्र घेता येतं?

सर्वसाधारण नागरिकाला ‘नॉन प्रोहिबिटेड बोअर’ (बोअर म्हणजे नळीच्या आतला व्यास), बोलीभाषेत एनपीबी. म्हणजे .३२ चं रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल, .२२, .३१५ रायफल, बारा बोअरची बंदूक. नऊ मिलिमीटर, .४५५, .३०३ ही निषिद्ध बोअरची शस्त्रं. त्यांचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालयाच्या हातात असतो आणि विनापरवाना सापडल्यास शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते.

एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन अग्निशस्त्रं ठेवता येतात. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन चालत. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं केली. परवान्यावर राष्ट्रीय माहितीकोशातला विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, असायलाच हवा. जुन्या पुस्तकावर तो नसेल तर ते पुस्तक आज निरुपयोगी आहे.

निवड करताना दिखाऊपणा सोडा. कानपूरच्या आयुध निर्माणीचं जुन्या घडणीचं .३२ रिव्हॉल्व्हर मधून दुमडून उघडतं, सहा घरं एका नजरेत दिसतात आणि भरलंय की रिकामं याचा संशय राहत नाही. २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर आलं, त्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. २०२३ मध्ये ‘प्रबल’ आलं, त्याचं चक्र बाजूला उघडतं. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक काडतूस नळीत राहू शकतं, आणि नवख्यांकडून अपघात होतो तो याच एका काडतुसामुळे. पहिलंच शस्त्र असेल तर मी रिव्हॉल्व्हरच सुचवेन.

परवाना मिळाला. आता कमरेला लावून फिरता येईल?

परवान्यावर ‘बाळगणे’ आणि ‘बरोबर नेणे’ दोन्ही लिहिलेलं आहे का आणि क्षेत्र कोणतं आहे (जिल्हा, राज्य की संपूर्ण भारत) ते आधी वाचा. २०१६ च्या नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल वा रिव्हॉल्व्हर अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असावं लागतं. शर्ट खोचून मूठ बाहेर ठेवायची, लग्नात टेबलावर काढून ठेवायचं, रील बनवायची, हे सगळे परवाना घालवण्याचे खात्रीचे मार्ग आहेत.

होल्स्टर घेताना घोड्यावर म्हणजे ट्रिगरवर पूर्ण आवरण येईल असंच घ्या. पँटच्या कमरेत नुसतं खोचलेलं रिव्हॉल्व्हर रिक्षातून उतरताना निसटतं, आणि पडणारी वस्तू झेलायला हात आपोआप जातो तेव्हा बोट नेमकं नको तिथे पडतं. पडलं तर पडू द्या.

कुठे नेता येत नाही?

परवान्याच्या अटींतच लिहिलेलं असतं : जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक सभा आणि शिक्षणसंस्थेचं आवार. कोर्ट, मेट्रो, विमानतळाचा सुरक्षित भाग इथेही नाही. मॉल किंवा रुग्णालय आपल्या दारात तुम्हाला अडवू शकतं, तिथे सुरक्षारक्षकाशी हुज्जत घालून उपयोग नसतो.

याशिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सणासुदीला, मोर्च्यांच्या काळात जिल्ह्या-जिल्ह्यात बंदीहुकूम निघतात. त्यात परवानाधारकांना सूट आहे की नाही हे प्रत्येक आदेशात वेगळं असू शकतं, म्हणून मथळ्यावर न थांबता पूर्ण आदेश वाचा.

अशा ठिकाणी जायचं असेल तर शस्त्र घरीच कुलपात ठेवून निघा. गाडीच्या डॅशबोर्डमध्ये ठेवून आत जाणं सगळ्यात वाईट, कारण काच फोडायला अर्धा मिनिट पुरतं. चोरी झालीच तर ताबडतोब जवळच्या ठाण्यात कळवावं लागतं, आणि ‘गाडीत का ठेवलं होतं’ या प्रश्नाचं चांगलं उत्तर कोणाकडेच नसतं.

दारू पिऊन?

नाही. एक पेगही नाही.

प्रवासात काय?

परवान्याच्या क्षेत्राबाहेर नेता येत नाही, हे पहिलं. नाशिकचा जिल्ह्यापुरता परवाना घेऊन इंदूरला निघालात तर जिल्ह्याची हद्द ओलांडताच अटीचा भंग झाला. विमानात शस्त्र केबिनमध्ये चालत नाही. ते रिकामं करून, विमान कंपनीला आधी कळवून, चेक-इनच्या सामानात जाहीर करून द्यावं लागतं, काडतुसं वेगळी बांधून. बॅगेच्या कप्प्यात विसरलेलं एकच काडतूस स्कॅनरमध्ये दिसलं की फ्लाइट तर जातेच, दिवसभर ठाण्यात बसावं लागतं. नेमबाजीच्या रेंजवर नेलेली बॅग प्रवासाला वापरूच नका. कायमचा पत्ता बदलला तर नव्या ठिकाणच्या परवाना प्राधिकाऱ्याला ३० दिवसांत कळवा.

घरात कसं ठेवायचं?

रिकामं, कुलपात, काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली देवघराच्या खणात नको, ती मुलांना आधी सापडते. पोलादी तिजोरी भिंतीला बोल्टने आवळून घ्या, नाहीतर चोर तिजोरीसकट नेतो.

‘मग रात्री दरवाजा फुटला तर कुलूप उघडत बसू का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. जिवंत काडतूस भरून उशाशी ठेवण्याने मिळणारे काही सेकंद आणि झोपेतून दचकून उठलेल्या माणसाने घरच्याच कोणावर गोळी झाडण्याची शक्यता, यांतून निवड करायची असते. माझ्या मते दरवाजाचं कुलूप, अडसर, बाहेरचा दिवा आणि कुत्रा यांवर आधी खर्च करावा. त्यातून जो वेळ मिळतो तो तिजोरी उघडायला पुरेसा असतो.

हाताळताना तीन सवयी : नळी कधीही माणसाकडे नको, बोट घोड्यापासून दूर, आणि हातात घेतल्याबरोबर उघडून तपासायचं, कालच तपासलं असलं तरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेते गोविंदा यांना मुंबईत राहत्या घरी पहाटे स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून पायाला गोळी लागली, तीही ते ठेवून देताना. कोणाच्या जिवावर बेतलं तर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याबद्दल न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पावसाळ्यात कोकणात आणि मुंबईत पोलाद दोन दिवसांत तांबूस पडतं. चामड्याच्या होल्स्टरमध्ये तसंच ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि गंज लवकर चढतो. पुसून, हलका तेलाचा हात देऊन, होल्स्टरबाहेर ठेवा. काडतुसांना मात्र तेल लावू नका, आत मुरलं तर ती फुसकी निघतात.

सराव लागतो का?

लागतो, आणि परवानाधारक नेमका तोच करत नाहीत. नोंदणीकृत रायफल क्लबच्या रेंजवर जा. शेतात, टेकडीवर डबे ठेवून झाडणं हा परवान्याच्या अटींचा भंग ठरू शकतो. काडतुसं एका वेळी किती आणि वर्षाला किती, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. पावत्या आणि वापरलेल्या काडतुसांची नोंद ठेवा. नेमबाजीइतकाच रिकाम्या शस्त्राने होल्स्टरमधून काढण्याचा, परत ठेवण्याचा आणि मुख्य म्हणजे न काढण्याचा सराव महत्त्वाचा. अंगावर धावून आलेला माणूस चार पावलांवर असताना हात थरथरतात, नजर एकाच बिंदूवर खिळते, कान बंद झाल्यासारखे होतात. तेव्हा सवयीचंच हातून घडतं.

गोळी झाडणं कायद्याने केव्हा माफ असतं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून सावकाश.

शरीराच्या रक्षणासाठी समोरच्याचा जीव जाईपर्यंत मजल कधी जाऊ शकते, हे न्याय संहितेचं कलम ३८ सांगतं. हल्ल्यामुळे मृत्यूची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती असेल, हल्ला बलात्काराच्या, अनैसर्गिक अत्याचाराच्या किंवा अपहरणाच्या हेतूने असेल, कोंडून ठेवण्यासाठी असेल आणि मदत मिळवता येणार नाही अशी भीती असेल, किंवा ॲसिड हल्ला असेल, तेव्हा. मालमत्तेसाठी कलम ४१ : जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय यांदरम्यानची घरफोडी, राहत्या घराला आग लावणं, किंवा मृत्यूची वा जबर दुखापतीची वाजवी भीती वाटावी अशा परिस्थितीतली चोरी, नासधूस वा घरात घुसणं. या यादीबाहेर जीव घेणं माफ नाही. पाकीट मारणाऱ्यावर, शेताचा बांध कोरणाऱ्यावर, शिवी देणाऱ्यावर गोळी झाडली तर स्वसंरक्षण म्हणता येणार नाही.

कलम ३७ आणखी मर्यादा घालतं. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकार नाही. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायचा अधिकार नाही. अधिकार सुरू होतो धोक्याची वाजवी भीती निर्माण होते तेव्हा आणि ती भीती सरली की संपतो. पहिल्या गोळीला हल्लेखोर कोसळला, कोयता हातातून सुटला, आणि तुम्ही दुसरी झाडली, तर कोर्ट त्या दुसऱ्या गोळीबद्दल विचारणार.

न्यायालयं मात्र एसीत बसून तराजूने मोजमाप करत नाहीत. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात जमिनीच्या वादातून गंडाशाने वार झाल्यावर गोळी झाडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये निर्दोष सोडलं. जीव धोक्यात असलेल्या माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून बळ वापरावं अशी अपेक्षा धरता येत नाही आणि कायद्याला पळपुटेपणा अभिप्रेत नाही, असं त्या निकालाचं सूत्र आहे. तिथेच हेही बजावलं आहे की सूड उगवण्यासाठी हा अधिकार नाही.

जमावात निरपराध माणसं असतील तर? कलम ४४ मधलं उदाहरण थेट यावरच आहे : जमाव जीव घ्यायला आलाय, त्यात मुलं मिसळलेली आहेत, आणि गोळी झाडल्याशिवाय सुटका नाही, तर मुलाला इजा झाली तरी गुन्हा नाही. पण ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे दाखवावं लागतं, आणि ते सोपं नसतं.

चोर पळतोय. मागून झाडली तर?

नका झाडू. पाठ फिरवून पळणाऱ्यापासून तुमच्या जिवाला धोका आहे हे पटवणं जवळजवळ अशक्य. शवविच्छेदनात गोळी पाठीतून शिरली असं आलं की बचावाचा कणाच मोडतो.

नुसतं दाखवलं किंवा हवेत झाडली तर?

वादावादीत शस्त्र काढून दाखवणं हे कलम ३५१ खालचं गुन्हेगारी धाकदपटशाचं प्रकरण होऊ शकतं आणि परवाना बहुतेक वेळा जातोच. हवेत झाडलेली गोळी खाली येते आणि कोणाच्या तरी गच्चीवर येते. लग्नात, मिरवणुकीत आनंदाने झाडलेल्या गोळीसाठी २०१९ पासून स्वतंत्र तरतूद आहे : दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. खरा हल्ला होत असताना इशाऱ्यादाखल झाडणं वेगळं, तरी धोका झाडण्याइतका होता तर हवेत का झाडली, असा उलट प्रश्न सरकारी वकील विचारतोच.

गोळी झाडावी लागली. लगेच काय करायचं?

आधी स्वतः आणि घरचे सुरक्षित जागी. मग ११२ ला फोन : ‘माझ्यावर हल्ला झाला, गोळी झाडावी लागली, एक जण जखमी आहे, रुग्णवाहिका पाठवा,’ आणि पत्ता. जखमी हल्लेखोर असला तरी रुग्णवाहिका मागायचीच. माणुसकी आहेच, शिवाय तुमचा हेतू जीव घेण्याचा नव्हता हेही त्यातून दिसतं. पोलीस येण्याआधी शस्त्र हातातून खाली ठेवा, कुठे ठेवलं ते त्यांना सांगा. टोप्या म्हणजे रिकामी आवरणं उचलू नका, रक्त पुसू नका, हल्लेखोराचं हत्यार हलवू नका, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरला हात लावू नका. हात धुऊ नका, तुमच्या हातावरच्या बारुदाच्या कणांचे नमुने घेतले जातील. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काहीही लिहू नका, कारण ते आरोपपत्राला जोडलं जातं.

पोलिसांना किती सांगायचं?

नाव, परवाना, हल्ला कुठून झाला, किती जण होते, साक्षीदार कोण, कॅमेरा कुठे. पुढचा तपशीलवार जबाब वकिलाशी बोलून देतो असं नम्रपणे सांगा. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती करता येत नाही, हे राज्यघटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे, आणि वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क कलम २२ मध्ये. अटक झाल्यास २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभं करावंच लागतं.

आणि ही गोष्ट लोक हमखास विसरतात : तुमच्यावर झालेल्या हल्ल्याची फिर्याद स्वतंत्रपणे द्या. नाहीतर नोंदीवर एकच एफआयआर राहतो, ज्यात तुम्ही आरोपी आणि हल्लेखोर फिर्यादी. तुमच्या जखमा, अगदी मनगटावरचं खरचटलेलंसुद्धा, सरकारी डॉक्टरकडून लिहून घ्या. हातावरचा वण चार दिवसांत जातो, दाखल्यावरची ओळ राहते.

कोर्टात सिद्ध कोणी करायचं?

स्वसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्याने, म्हणजे तुम्ही. पण सरकार पक्षासारखं निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, तुमची बाजू अधिक संभवनीय दिसली तरी पुरते. मर्यादा ओलांडली गेली, पण सद्‌हेतूने आणि आधी न ठरवता, असं दिसलं तर खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला जाऊ शकतो. तोवर शस्त्र मुद्देमालात, परवाना निलंबित आणि तुम्ही जामिनासाठी तारखांवर. निर्दोष सुटलेल्यांचीही वर्षं यात जातात. परवाना काढताना घरात या शक्यतेची चर्चा झालेली असावी आणि एखाद्या फौजदारी वकिलाचा नंबर फोनमध्ये असावा.

माझं शस्त्र बायकोने किंवा मुलाने वापरलं तर?

परवाना तुमच्या नावाचा आहे, कुटुंबाचा नाही. तुमच्या समोर, किंवा तुमच्या लेखी अधिकाराने, दुरुस्ती वा नूतनीकरणासाठी दुसऱ्याने नेणं कायद्याला चालतं, स्वतःसाठी वापरायला देणं नाही. घरात हल्ला झाला आणि पत्नीने ते उचलून झाडलं तर तिचा स्वसंरक्षणाचा अधिकार कायम आहे, पण शस्त्र तिच्या हाताला कसं लागलं हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल. घरातल्या दोघांना गरज असेल तर दोघांनी परवाना काढावा.

निवडणुकीत जमा करावंच लागतं का?

सरसकट सगळ्यांना नाही. छाननी समिती कोणाचं शस्त्र जमा करायचं ते ठरवते, आणि सरसकट जमा करून घेण्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच आक्षेप घेतला आहे. तरी ठाण्यातून फोन येतोच. लेखी नोटीस मागा, धोका चालू असेल तर सूट मिळण्यासाठी लेखी अर्ज द्या, आणि जमा केलंत तर शस्त्राचा क्रमांक व काडतुसांची संख्या लिहिलेली पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

वडिलांची बंदूक वारशाने मिळेल?

मिळू शकते, पण परवाना आपोआप येत नाही. वडील गेल्यावर बंदूक घरात ठेवणं म्हणजे विनापरवाना ठेवणं. लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, बाकी वारसांचं ना-हरकत घ्या आणि स्वतःच्या नावाने अर्ज करा. वडील हयात असतील आणि सत्तरी गाठली असेल, किंवा शस्त्र २५ वर्षं त्यांच्याकडे असेल, तर त्यांच्या हयातीतही नावावर करता येतं.

गावठी कट्टा स्वस्तात मिळतोय...

विनापरवाना शस्त्र सापडलं तर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद. शिवाय ती नळी पाण्याच्या पाइपची असते आणि कधी कधी ज्याने झाडली त्याचाच हात जातो.

परवान्याशिवाय काय ठेवता येतं?

पेपर स्प्रे. वीस ज्यूलपर्यंत ऊर्जेची आणि .१७७ पर्यंतच्या बोअरची एअरगनही परवान्याशिवाय मिळते, पण ती स्वसंरक्षणाला कुचकामी, उलट खरी समजून समोरचा खरं शस्त्र काढेल. बहुतेकांना पेपर स्प्रे, चांगला मोबाइल आणि वेळीच काढता पाय घेण्याची तयारी एवढं पुरतं, असं माझं मत आहे. वर धमकीबद्दल सांगितलेली परिस्थिती ज्याची खरोखर आहे त्याची गोष्ट वेगळी.

परवाना नकोसा झाला तर शस्त्राचं काय?

परवानाधारक विक्रेत्याला विका किंवा त्याच्याकडे जमा करा. खासगी परवानाधारकाला विकायचं असेल तर जिल्हादंडाधिकारी किंवा ठाणे अंमलदाराला खरेदीदाराच्या नावपत्त्यासह लेखी कळवा. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबूनच ताबा द्या. विक्रीची नोंद परवान्यावर करून घ्या, उरलेली काडतुसंही सोबत जमा करा आणि मग पुस्तक परत करा. जमा पावतीची झेरॉक्स फाइलमध्ये ठेवा, कारण पुढच्या निवडणुकीत ठाण्यातून फोन येईल तेव्हा तीच लागते.